शिंक आणि आशीर्वाद

चाकणच्या कारखान्यातील पहिल्या पाळीसाठी पहाटे उंबरठ्याशी चपला घालणाऱ्या मुलाला, घरात कुणी शिंकताच, आई "थांब, घोटभर पाणी पिऊन जा" म्हणून अडवते, आणि कोपऱ्यावर कंपनीची बस उभी असली तरी तो पाणी पितो. चिंचवडच्या आमच्या आळीत हे मी कितीदा पाहिले आहे. तान्हे बाळ शिंकले की हीच आई "शतायुषी हो" म्हणते. एकाच शिंकेने भयही उपजावे आणि आशीर्वादही, यात ग्राह्य काय?

पाली विनयपिटकात याचा निवाडा आहे. उपदेश करताना बुद्धांना शिंक आली, तेव्हा भिक्षूंनी दीर्घायुष्य चिंतून एवढा गलबला केला की उपदेशच खंडित झाला. अशा शब्दांनी कुणी जगतो वा मरतो काय, असे विचारून त्यांनी तो रिवाज बंद केला. परंतु पुढे गृहस्थांच्या शुभेच्छेला भिक्षू उत्तर देईनात आणि लोक दुखावले, तेव्हा गृहस्थांची मंगलावरील श्रद्धा जाणून त्यांनी प्रत्युत्तराची मुभा दिली.

हा विवेक मला फार मोलाचा वाटतो. १९५४ साली पिंपरीत स्थापन झालेल्या कारखान्याचे पेनिसिलिनही साध्या पडशावर चालत नाही, मग शब्द काय चालणार? तरीही शब्दामागील माया खरी असते. म्हणून शिंकणाऱ्याने तोंडावर रुमाल धरावा, ऐकणाऱ्याने शुभ चिंतावे, आणि अपशकुनाचे भय मात्र उंबरठ्याबाहेर ठेवावे.