पहुड आणि उपहुड

लीळाचरित्र वाचताना एक गोष्ट साधकाच्या सहज ध्यानात येते. म्हाइंभटांनी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा संकलित करताना मोठमोठ्या प्रसंगांबरोबर स्वामींचे निजणे-उठणेही गाळलेले नाही. निजण्याला तेथे 'पहुड' आणि उठण्याला 'उपहुड' असे स्वतंत्र शब्दच आहेत. उदयाचा पूजावसर, विहरण, आरोगणा, पहुड, उपहुड असा दिवसाचा क्रम लीळेमागून लीळेत येत राहतो आणि भक्तजनांचा दिवसही त्याच क्रमाला बांधलेला दिसतो. सन्निधानी सेवेची वेळ हीच जागे होण्याची वेळ होती. असन्निधानी मात्र ती वेळ साधकाला आपल्या बळावर राखावी लागते, आणि ज्याची झोप स्वभावतःच गाढ आहे त्याची खरी अडचण येथून सुरू होते.

अशा साधकाची स्थिती मार्गात पुष्कळांच्या परिचयाची आहे. पहाटे ४ वाजता उठून स्मरणाला बसण्याचा नेम तो मनापासून करतो. उशाशी गजराचे घड्याळ ठेवतो. गजर होतो, शेजारचे दोघे-तिघे जागे होतात. ज्याच्यासाठी तो लावला तो मात्र तसाच निजलेला असतो. किंवा झोपेतच हात लांबवून गजर बंद करतो आणि सकाळी त्याला त्याची आठवणही नसते. देवपूजा-वंदन उरकून मंडळी आपापल्या कामाला लागतात, तेव्हा हा सुजल्या डोळ्यांनी बाहेर येतो. कोणी हसतात, कोणी बोलतात. पुढे पुढे त्याला स्वतःलाच वाटू लागते की आपल्यात वैराग्यच नाही, आपण या वेषाला पात्र नाही. एका साध्या देहदोषातून साधकाने आपल्या अधिकाराविषयीच निराश व्हावे, ही हानी झोपेने होणाऱ्या हानीपेक्षा मोठी आहे.

येथे प्रथम विचार करावयाचा तो हा की दोष नेमका कोठे आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमोगुण जीवाला प्रमाद, आळस आणि निद्रा या तिहींनी बांधतो, असे श्रीकृष्ण महाराज सांगतात. हे वचन पुढे करून झोपाळू माणसाला आळशी ठरविणारे पुष्कळ भेटतात. परंतु तेथे शब्द तीन आहेत, आणि ते तीन आहेत याचाच अर्थ निद्रा व आळस एक नव्हेत. सहाव्या अध्यायात फार निजणाऱ्याला योग नाही, तसाच फार जागणाऱ्यालाही नाही असे सांगून लगेच पुढच्या श्लोकात निद्रा आणि जागृती ही दोन्ही युक्त असावीत असे म्हटले आहे. दोन्हींचा उल्लेख एकाच श्लोकात आहे. पहुड अयुक्त ठेवून उपहुड युक्त करू पाहणाऱ्याचे गणित म्हणूनच जुळत नाही.

देह प्रपंचाचा आहे. त्याचे धर्म त्याला लागलेले आहेत. गाढ झोपेत बाहेरचा आवाज आत न पोचणे हा देहधर्माचाच एक भाग आहे. अमेरिकेतील हार्वर्ड येथील वैद्यकीय संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की झोपेत मेंदूत उमटणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या विद्युत्-लहरी ज्यांच्यात अधिक, त्यांची झोप गोंगाटानेही सहसा मोडत नाही. हे प्रमाण माणसामाणसांत वेगळे असते. तेव्हा एकाला पक्ष्याच्या पहिल्या आवाजाने जाग यावी आणि दुसऱ्याला घंटेनेही येऊ नये, यात पहिल्याची पुण्याई नाही की दुसऱ्याचे पाप नाही. ज्याचा निवाडा जीवाच्या हाती आहे, दोष तेवढ्याच जागी धरावा.

आणि जीवाच्या हाती पुष्कळ आहे. फक्त ते पहाटे नसून आदल्या रात्री आहे. प्रौढ माणसाला साधारण ७ तास झोप लागते, तरुणाला त्याहून अधिक. निरूपण लांबते, मग गप्पा रंगतात, त्यानंतर मोबाइलच्या उजेडात आणखी एक तास जातो आणि ११॥ वाजता पाठ टेकते. ४ वाजता उठावयाचे तर हाती साडेचार तासच उरले. असा साधक न उठल्यास त्याने आपल्या वैराग्याला बोल लावण्याआधी ही वजाबाकी करून पाहावी. ज्याला ४ ला उठावयाचे त्याचा पहुड ९ ला झाला पाहिजे. संध्याकाळनंतरचा चहा सोडावा, कारण त्याचा अंमल कित्येक तास रक्तात राहतो. डोळ्यांवर पडणारा प्रकाश झोपेची वेळ पुढे ढकलतो, म्हणून निजण्यापूर्वीचा तास तरी दिवा मंद असावा. नेम एकदम दोन तासांनी अलीकडे ओढू नये. पाव-पाव तासाने आणावा आणि आला की सणावारीही मोडू नये.

ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयापूर्वी सुमारे ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंतचा काळ, असा सामान्य हिशोब आहे. वऱ्हाडात जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातच्या सुमारास. म्हणजे काळ सरकता आहे आणि घड्याळातला ४ हा आकडा मात्र वर्षभर तोच. थंडीत जाग येणे जड जाते याचे एक कारण हा लांबलेला अंधारच आहे, हे नेम सांगणाऱ्यानेही ध्यानात घ्यावे.

वासनिकांच्या बाबतीत तर आणखी उदारपणे पाहिले पाहिजे. ज्या शेतकऱ्याच्या पंपाला रात्रीची वीज येते, तो मध्यरात्रीनंतर ओल्या बांधावरून घरी येतो. रुग्णालयातील परिचारिका, कारखान्यातील रात्रपाळीचा कामगार, तान्ह्या मुलाची आई, यांची रात्र त्यांच्या हातची नसते. त्यांनी पुरती झोप घेऊन जाग येईल तेव्हा पहिले काम म्हणून स्मरण करावे. त्यांचा उदय तोच.

आता राहिला तो क्षण, गजर झाल्यानंतरचा. झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटे, कधी त्याहूनही अधिक, बुद्धी पुरती जागी नसते. गाढ निद्रेतून ओढून काढलेल्याची अवस्था तर अधिकच जड. अशा वेळी मन 'थोडे निजू, मग उठू' असे सुचविते आणि ते खरेच वाटते. या क्षणी विचार करू नये. विचार रात्रीच करून ठेवलेला असावा. घड्याळ उठल्याशिवाय हाती येणार नाही इतक्या लांब ठेवावे, पाय जमिनीला लावावे, दिवा लावून तोंडावर पाणी घ्यावे. इतके झाल्यावर मनाशी वाद घालण्यास हरकत नाही.

तेवढ्यानेही जाग येत नसेल त्याने गुरुबंधूला उठवावयास सांगावे. यात कमीपणा मानणारे फुकट अभिमान बाळगतात. पुराणात मुचकुंद राजाची कथा आहे. देवांसाठी दीर्घकाळ युद्ध करून तो थकला आणि त्याने झोपच मागून घेतली. जो उठवील तो भस्म व्हावा असा वरही मिळाला. कालयवन श्रीकृष्ण महाराजांच्या मागे गुहेत शिरला, निजलेल्याला श्रीकृष्ण समजून त्याने लाथ मारली आणि राजाच्या दृष्टीने तो जळाला. त्यानंतर मुचकुंदाला घडले ते श्रीकृष्णदर्शन. पुराणांतला हा इतका गाढ निजलेला पुरुष, पण झोपेने त्याचा अधिकार बुडाला नाही. (मात्र आपल्या झोपेला मुचकुंदाचा आधार देणाऱ्याने आधी त्याच्याइतके श्रम करावेत.) गाढ झोपेच्या माणसाला हाक मारली म्हणजे तो ज्या डोळ्यांनी पाहतो ते काही काळ मुचकुंदाचेच असतात, त्याला वर नाही एवढेच. उठविणाऱ्याने ती दृष्टी सोसावी, आणि उठलेल्याने शुद्धीवर येताच दंडवत करावा.

जागे झाल्यावर समोर काय असावे, याचेही एक दर्शन उद्योगपर्वात आहे. द्वारकेत श्रीकृष्ण निजलेले असताना दुर्योधन आधी आला आणि उशाशी आसनावर बसला. अर्जुन मागून आला आणि पायांशी हात जोडून उभा राहिला. डोळे उघडताच दृष्टी पडली ती अर्जुनावर. वेळेवर तर दुर्योधनच आला होता. आजचा साधक डोळे उघडतो तेव्हा प्रथम हात जातो तो उशाशी ठेवलेल्या मोबाइलकडे. पहाटे ४ ला उठून पाचापर्यंत तोच पाहणारा आणि सहाला उठून सरळ स्मरणाला बसणारा, या दोघांत कोण वेळेवर उठला याचा निर्णय प्रत्येकाने करावा.

काही झोप मात्र वैद्याकडे नेण्याजोगी असते. जो मोठ्याने घोरतो, घोरताना ज्याचा श्वास मधेच अडतो, पुरती रात्र निजूनही जो निरूपणात बसल्या बसल्या डुलतो, त्याला उपदेशापेक्षा तपासणीची गरज आहे. श्वास अडण्याचा विकार, कंठग्रंथीचे मांद्य, सर्दीवरील काही औषधे यांनीही अशी झोप येते. महंतांनी अशा शिष्याला चारचौघांत लागट बोलण्याऐवजी एकांतात विचारावे.

आणि ज्या दिवशी नेम चुकेल, त्या दिवशी साधकाने हळहळत बसून सकाळची उरलेली वेळही घालवू नये. तोंड धुवावे, आसन घालावे, मंडळी झाडलोट करीत असली तरी एका कोपऱ्यात बसून राहिलेले स्मरण तेथेच पुरे करावे. रात्री निजताना गजर पुन्हा ४ चा लावावा आणि शेजारच्याला पुन्हा सांगून ठेवावे.