लेकराच्या नावाचा कागद



शाळेचे फॉर्म निघाले की आपल्या पांडेसऱ्याच्या सत्संगात एक प्रश्न हमखास निघतो. लेकराच्या भल्यासाठी कागदावर थोडं खोटं लिहिलं तर काय बिघडतं? पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, मग जन्मतारीख जरा मागे घेतली. चांगल्या शाळेसाठी दुसऱ्याच्या सोसायटीचा भाडेकरार जोडला. विचारणारी माणसं वाईट नसतात. मिलमध्ये बारा-बारा तास उभा राहणारा बाप असतो, पोरगं तरी शिकावं एवढंच त्याला वाटतं. म्हणून या प्रश्नाला नुसतं "पाप आहे" म्हणून उडवून लावणं बरोबर नाही. नीट विचार करू या.

आपण बहुतेक जण खान्देशातले. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव, ताप्ती लाइनची गाडी धरली आणि उधन्याला उतरलो. राज्य बदललं, भाषा बदलली, पण नागरिकत्वाचा अर्ज कुणी मागितला नाही. राज्याचं वेगळं नागरिकत्व आपल्या देशात नाहीच. भारताच्या कुठल्याही भागात राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क घटनेच्या 19 व्या कलमाने दिला आहे. आपलं लेकरू इथं जन्मलं काय की मामाच्या गावाला, ते जन्मतःच भारताचं.

सगळ्यांचं असं नसतं. पाकिस्तानातून आलेली कितीतरी कुटुंबं आपल्याच गुजरातमध्ये राहतात. 2021 मध्ये केंद्राने मोरबी, राजकोट, पाटण आणि वडोदरा इथल्या कलेक्टरांना त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढायचा अधिकार दिला. पण कायद्याची एक गोष्ट बघा. 3 डिसेंबर 2004 पासून, आई-बाप दोघंही नागरिक नसतील तर मूल भारतात जन्मूनही आपोआप नागरिक होत नाही. त्याच्यासाठी अर्ज करावा लागतो, कागद जमवावे लागतात, वाट बघावी लागते. लेकराचा दोष काय? काहीच नाही. तरी ओझं त्याच्यावर येतं.

जे त्यांना मिळवावं लागतं, ते आपल्याला न मागता मिळालं. मग त्याची किंमत आपण ठेवतो का?

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथेच होते. बाळ शिरपूरला जन्मलं तर दाखला शिरपूरचा, सुरत महानगरपालिका तो देणार नाही. नोंद 21 दिवसांत करायची असते. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पुष्कळ घरांत "पुढच्या दिवाळीला गावाला गेलो की बघू" म्हणत चार दिवाळ्या जातात. मग एजंट येतो आणि म्हणतो, "काका, इथलाच जन्म दाखवून देतो."

खोटं तिथं शिरतं. आळस आपला, घाई आपली, सही आपली. पण तो कागद आयुष्यभर बाळगायचा कुणी? लेकराने. शाळेत एक तारीख, आधारवर दुसरी, गावच्या नोंदीत तिसरी. वीस वर्षांनी पासपोर्टच्या खिडकीवर त्याला विचारतील, "यातलं खरं कोणतं?" तेव्हा त्याने काय सांगायचं? माझ्या आई-बापाचं खोटं होतं म्हणून? आपल्या प्रेमाची फेड त्याला अशी करावी लागू नये. आणि भाडेकरार खोटा जोडून जी जागा मिळाली, ती कुणाच्या तरी लेकराची होती. तोही बाप मिलमध्येच उभा असतो.

खरा रस्ता लांब असतो, पण असतो. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना शाळा, मतदार यादी, पासपोर्ट, सगळीकडे जन्मदाखलाच चालणार आहे. म्हणजे तो आता आणखी जपायला हवा. आधार कार्ड नागरिकत्वाचा पुरावा नाही, हेही लक्षात ठेवावं.

काही साधक म्हणतात, "आत्म्याला कसलं गाव आणि कसला दाखला?" खरं आहे. पण लेकराचा आत्मा शाळेच्या बाकावर देह घेऊनच बसतो. स्वतःपुरती विरक्ती ठेवावी, लेकराच्या हक्कावर नाही. आपल्या आळसाला वैराग्याचं नाव देणं हे तर नुकसान आणि वर खोटं.

आणखी एक. आपल्या बाजूच्या खोलीत ओडिशाचे, यूपी-बिहारचे लोक राहतात. आपण दहा-वीस वर्षं आधी आलो म्हणून "हे बाहेरचे" असं आपल्याच तोंडून निघतं. कालपर्यंत आपल्यालाही कुणी तेच म्हणत होतं.

म्हणून या महिन्याची सेवा अशी ठरवू या. प्रत्येक घराने लेकरांचे दाखले काढून नाव, तारीख, आई-बापाचं नाव जुळतं का ते बघावं. चूक असेल तर जिथं नोंद आहे तिथूनच दुरुस्ती करावी. ज्यांना गुजराती लिहिता येतं त्यांनी रविवारी सत्संगानंतर तासभर थांबून शेजाऱ्यांचे फॉर्म भरून द्यावेत. शेजारी कोणत्या गावचा, हे विचारू नये.

लेकराला आपण घर देऊ शकू, न देऊ शकू. खरं नाव आणि खरी तारीख मात्र गरिबातला गरीब बापही देऊ शकतो.

सर्वांचं कल्याण होवो. 🙏