प्रतीक्षेची कसोटी

मार्च महिना उजाडला कीं जळगांव-धुळ्याकडील एखाद्या घरांत निराळीच तगमग सुरू होते. मुलीनें सार्वजनिक धोरण या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठीं परदेशी विद्यापीठाकडे अर्ज केलेला असतो. निर्णय आज कळेल, उद्यां कळेल, म्हणून सारें घर तिच्या तोंडाकडे पाहत असतें. वडीलधारी माणसें फलाची आसक्ति सोडण्याचा उपदेश करतात. परंतु जिला फलाची इच्छाच नाहीं, तिनें अर्ज तरी कां करावा?

याचें उत्तर शोधावयास दूर जावें लागत नाहीं. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबा दर रविवारीं गीतेवर प्रवचन करीत, आणि पूर्वी अमळनेरास शिक्षक असलेले साने गुरुजी तें उतरून घेत. त्यांनीं स्वातंत्र्याची इच्छा सोडली होती काय? मुळींच नाहीं. सुटका हातीं नव्हती. हातचा रविवार मात्र त्यांनीं दवडला नाहीं.

प्रवेशसमिति मोजक्या जागांसाठीं अर्ज पारखते. माणसाची योग्यता ठरविण्याचा अधिकार तिला कोणीं दिलेला नाहीं. नकाराचें दुःख होईल. तें होऊं द्यावें. पण जिला खानदेशच्या पाण्याचा, कापसाच्या भावाचा प्रश्न खरोखर छळतो, तिला त्याचा अभ्यास आरंभावयास कोणाच्या पत्राची वाट पाहावी लागत नाहीं. नकारासरशी प्रश्नच विसरला, तर हवी होती ती लोकसेवा नव्हे, पदवी होती, असें म्हणावें लागेल. ही परीक्षा ज्याची त्यानेंच घ्यावयाची असते.