पाषाणाची साक्ष आणि भाविकाची श्रद्धा

पुणे–सोलापूर महामार्गावर माढा तालुक्यात वसलेले मोडनिंब हे पंढरीच्या परिसरातील गाव. श्रीसंत सावता महाराजांचे अरण येथून अगदी जवळ आणि पांडुरंगाची पंढरीही फार दूर नाही. या भागातील कोणत्याही जुन्या देवालयाची पायरी चढताना भाविक वाकून पायरीला हात लावतो व तो हात मस्तकी नेतो. तो हात ज्याला लागतो तो बहुधा काळा पाषाण असतो. जोत्याचा दगड तोच, दीपमाळेचा दगडही अनेकदा तोच. जमिनीवरची माती आणि मुरूम ओलांडून विहीर खाली गेली की तेथेही तोच लागतो.

भूशास्त्र या पाषाणाला बेसॉल्ट म्हणते आणि सांगते की, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून तप्त लाव्हारस भेगांवाटे वर आला, थरावर थर पसरत गेला व थंड होऊन त्याचा हा खडक झाला. दख्खनच्या या पाषाणाने आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे. सह्याद्रीच्या काही भागांत थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्याही पुढे जाते. शाळेत हे शिकलेला नातू देवळाच्या पायरीवर आजीला विचारतो, “सृष्टी देवाने केली की लाव्हारसाने?” प्रश्न बालकाचा असला तरी तो मोठ्यांनाही टाळता येण्याजोगा नाही. सृष्टीला कर्ता आहे असे मानणाऱ्याने पाषाणाच्या या साक्षीचे काय करावे?

कालगणनेचा विस्तार आणि प्रामाणिकपणा

दीर्घ काळाचे भय हिंदू परंपरेला कधी वाटले नाही. आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली बायबलमधील वंशावळींवरून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ या वर्षी ठरविला. पुढे भूशास्त्राने पृथ्वीचे वय फार मोठे असल्याचे दाखविले, तेव्हा पाश्चात्त्य देशांत अनेकांच्या श्रद्धेला मोठा हादरा बसला. पुराणांतील गणना मात्र निराळी. कलियुग ४ लाख ३२ हजार वर्षांचे, चार युगे मिळून ४३ लाख २० हजार वर्षे आणि अशी एक हजार महायुगे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, अर्थात ४३२ कोटी वर्षांचा कल्प. येथे सृष्टी एकदाच घडून संपत नाही. उत्पत्ती, स्थिती आणि लय यांचे चक्र अखंड फिरत राहते.

येथेच एक मोह उभा राहतो. आजचे शास्त्र पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानते. ४३२ आणि ४५४ हे आकडे शेजारी ठेवून “आमच्या ऋषींना सर्व आधीच ठाऊक होते” असे सांगितले जाते आणि श्रोते संतोष पावतात. परंतु त्याच परंपरेचे पूर्ण गणित मांडले तर चित्र बदलते. ४३२ कोटी हा संपूर्ण कल्पाचा काळ होय. पूजेच्या संकल्पात ज्याचा उच्चार होतो त्या श्वेतवाराह कल्पापैकी आजवर सरलेला काळ सुमारे १९७ कोटी वर्षांचा धरला जातो. तो ४५४ कोटींशी जुळत नाही. जुळणारा आकडा सांगावयाचा आणि न जुळणारा झाकावयाचा, हे देवाच्या नावाने केलेले असत्यच होय. ते प्रेमापोटी केले म्हणून त्याचे सत्य होत नाही.

मग पुराणातील कल्पाचे मोल कोणते? माणसाचे शंभर वर्षांचे आयुष्य आणि त्यातला अहंकार किती क्षुद्र आहे, याची जाणीव तो करून देतो. पाषाणाचे वय सांगणे हे त्याचे प्रयोजन नाही. ते काम पाषाण स्वतः करतो. खडकातील पोटॅशियमचा एक अल्प अंश अत्यंत मंद व ठराविक गतीने बदलत असतो आणि त्यातील काही भागाचा आर्गॉन वायू होतो. त्या अंशाचा निम्मा भाग बदलण्यास सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. लाव्हारस थिजला की तयार होणारा वायू खडकात अडकून राहतो. तो मोजला की खडक कधी थिजला हे कळते. दोन लाव्हाथरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. एक थर निवून त्याची झीज होऊन माती बनली आणि त्यानंतर दुसरा थर आला, याची ती खूण आहे. भाविकाच्या दृष्टीने ही नोंद सृष्टिकर्त्याच्याच हातची. ती वाचणे हा अधर्म कसा ठरेल?

देवघरातील समुद्र

अनेक मराठी घरांत बाळकृष्णाच्या शेजारी शाळिग्राम असतो. तुळशीच्या लग्नात तो वर म्हणून उभा राहतो. नेपाळातील काली गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या या काळ्या शिळेत जे चक्र दिसते, ते बहुसंख्य शाळिग्रामांत अमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या वेटोळ्या शंखाचे असते. हा प्राणी १० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी टेथिस नावाच्या समुद्रात राहत होता. मृत्यूनंतर तो तळाच्या चिखलात रुतला आणि त्या चिखलाचा खडक झाला. पुढे दक्षिणेकडील विशाल भूखंडापासून विलग झालेली भारतभूमी उत्तरेकडे सरकत जाऊन सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडली आणि समुद्राचा तळ उचलला जाऊन हिमालय उभा राहिला. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडकही समुद्रतळाशीच जन्मलेला आहे.

हे कळल्यावर शाळिग्राम विष्णुरूप उरत नाही काय? परंपरेचेच वचन तपासावे. शाळिग्रामाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही, कारण तो मनुष्याने घडविलेला नसून स्वयंभू आहे, असे परंपरा मानते. तो स्वयंभू कसा घडला, एवढेच भूशास्त्र उलगडून सांगते. ज्या शिळेत एका सागराचा जन्म व अंत आणि एका पर्वताचे उत्थान सामावले आहे, तिच्यापुढे हात अधिकच भक्तिभावाने जोडले जावेत. शाळिग्रामातील चक्रे वज्रकीट नावाच्या कीटकाने कोरली अशी कथा आहे. परंतु तेवढ्यावरून प्राचीनांना जीवाश्म ठाऊक होते असे म्हणणे पुन्हा त्याच मोहाला बळी पडणे ठरेल. कथा ही कथा म्हणून आदरणीय आहे. तिला पुराव्याचे काम देऊ नये.

भास्कराचार्यांचा धडा

श्रद्धा आणि शोध एका ठायी नांदतात, याचा दाखला भास्कराचार्यांनी घालून दिला आहे. १११४ साली जन्मलेल्या या आचार्यांनी ‘लीलावती’चा आरंभ गणेशवंदनाने केला. मात्र ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त त्यांनी पृथ्वी कशावर तरी टेकलेली आहे हे मत निःसंकोच खोडून काढले. आधाराला आधार, त्याला आणखी आधार, असे मानत गेल्यास अंत लागणार नाही. शेवटी कोणीतरी स्वशक्तीने स्थिर आहे असे मानावेच लागते, तर ती शक्ती पृथ्वीचीच का मानू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला. त्याची नोंद चाळीसगावजवळील पाटण येथील देवीच्या मंदिरातच शिलालेखाच्या रूपाने आजही आहे. देवालयाने विद्येला स्थान दिले, म्हणून देवत्वाला उणेपणा आला नाही.

चुकीच्या उत्तराची किंमत

हा सारा पंडितांचा वाद आहे, सामान्य भाविकाला त्याचे काय, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर सोलापूरकरांनी जवळून पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो जीव झोपेतच गेले. अशा वेळी देवाचा कोप झाला, कोणाचे तरी पाप भोवले, असे बोल कानी येतात. ज्यांनी आदल्याच दिवशी गणरायाला निरोप दिला, त्या माणसांना मृत्यूनंतर पापी ठरविणे हे कोणत्या धर्मात बसते?

भूमीने दिलेली साक्ष वेगळी आहे. भारतभूमी आजही आशियाला रेटते आहे. तो ताण दूरवर, दख्खनच्या काळ्या पाषाणाखालीही साठत जातो आणि जुन्या भेगांवाटे मोकळा होतो. बहुतेक बळी घेतले ते मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदांच्या मातीच्या भाराने. कोप मानणारा मनुष्य शांतिपाठ करून त्याच भिंती पुन्हा उभारतो. कारण जाणणारा मनुष्य शांतिपाठही करतो आणि भिंतीला बांधणी देतो, छताचा भार हलका करतो. दुसऱ्याच्या घरातील लेकरू पुढच्या वेळी वाचते ते या जाणण्यामुळे. सत्य जाणण्याचा कंटाळा हा येथे केवळ बुद्धीचा दोष राहत नाही, तो दयेचाही अभाव ठरतो.

सावता महाराजांची माती

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर अरणच्या मळ्यात सापडते. सावता महाराजांनी १२९५ साली तेथेच देह ठेवला. मळ्यातील काम हीच त्यांची पूजा होती. ते पंढरीस गेले नाहीत, पांडुरंगच त्यांच्या भेटीस मळ्यात आला, अशी भाविकांची श्रद्धा आहे. दख्खनची काळी जमीन ऊन, पाऊस आणि वारा यांनी याच काळ्या पाषाणाची युगानुयुगे झीज करून घडविली आहे. महाराजांनी भाजीच्या वाफ्यात विठ्ठल पाहिला, म्हणून मातीचे गुणधर्म पालटले नाहीत. मोट हाकावी लागली, खुरपणी करावी लागली, पाणी वेळेवर द्यावे लागले. जमिनीचे नियम मनापासून पाळणाऱ्यालाच तिच्यात देव दिसला.

तेव्हा आजीने नातवाला निःशंकपणे सांगावे की, पायरीचा दगड लाव्हारसाचाच आहे आणि तो लाव्हारस, त्याला थिजविणारा नियम व तो नियम ओळखणारी तुझी बुद्धी ही सारी ज्याची, त्याला आपण देव म्हणतो. पहिली गोष्ट शास्त्राने तपासता येते, दुसरी श्रद्धेने स्वीकारावी लागते. एकीच्या जागी दुसरी ठेवू नये आणि एकीच्या भयाने दुसरी टाकूही नये. ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचे ऋषी सृष्टीच्या उगमाविषयी प्रश्न विचारतात आणि तो खुला ठेवतात. न कळलेले न कळलेलेच म्हणून सांगणे हीदेखील या भूमीची जुनी उपासना आहे.

देवालयासाठी पायरी अर्पण करणाऱ्या दात्यानेही याचे स्मरण ठेवावे. पाषाण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच दिला गेला आहे. त्यात माणसाची भर असते ती पाथरवटाच्या घामाची आणि स्वच्छ मनाने दिलेल्या द्रव्याची. पायरीवर कोरलेले नाव काही पिढ्यांत भाविकांच्या पावलांनी झिजून जाईल. पाषाण तरीही उरेल आणि पुढच्या भाविकाचा हात त्याला लागेल.

॥ शुभं भवतु ॥