गोठ्यातले पाचारण

कुटुंबासाठी झिजलेले आयुष्य हेच धार्मिक आयुष्य ठरते, की धर्मासाठी लागणारी उसंत असे आयुष्य माणसाकडून हिरावून घेते, हा प्रश्न बहुतेक सर्व धर्मपरंपरांनी कधी ना कधी हाताळला आहे. परंतु ज्या परंपरेने संन्यासाचा मार्गच श्रेष्ठ मानण्याचे नाकारले, तिच्यात या प्रश्नाला वेगळी धार येते, कारण तिथे गृहस्थाला आपल्या उणिवेचे खापर प्रपंचावर फोडता येत नाही. अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातील, म्हणजे पाच महासरोवरांच्या भोवतालच्या आणि त्यांच्या पश्चिमेच्या शेतीप्रदेशातील, दूध उत्पादक शेतकरी हा अशा परंपरेचा वारसदार आहे. त्यातही विस्कॉन्सिन हे राज्य विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनी आणि नॉर्वेतून आलेल्या ज्या कुटुंबांनी तिथे वस्ती केली, त्यांतला मोठा वर्ग धर्मसुधारक मार्टिन लूथरचा अनुयायी होता. कॅथलिक वस्तीही तिथे दाट होती, पण तिचा विचार इथे बाजूला ठेवला आहे.

नव्वदी ओलांडून गेलेल्या अशा शेतकऱ्यावर स्थानिक वृत्तपत्रात जो मृत्युलेख छापून येतो, त्याचा साचा जवळजवळ ठरलेला असतो. जन्म, मग बाप्तिस्मा, मग दृढीकरण, म्हणजे कुमारवयात मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी. त्यानंतर विवाह, वडिलांची शेती हाती घेतल्याचे साल, गाई विकल्याचे साल, आणि शेवटी मुले, नातवंडे, पतवंडे यांची यादी. पद नाही, पुरस्कार नाही, प्रवास असला तर एखादा. बाहेरच्या वाचकाला हा मजकूर कोरडा वाटतो आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. पण त्या क्रमात एक धर्मशास्त्र दडलेले आहे. बाप्तिस्मा आणि गाई विकल्याचे साल या दोन गोष्टी एकाच सुरात, एकाच परिच्छेदात नोंदवल्या जातात, त्या एकाच आयुष्याच्या कक्षेत बसतात म्हणून.

हे धर्मशास्त्र म्हणजे लूथरची पाचारणाची शिकवण. त्याच्या आधीच्या पाश्चात्त्य ख्रिस्ती समाजात ईश्वराने बोलावलेला माणूस म्हणजे प्रामुख्याने मठवासी किंवा धर्मगुरू. शेतकरी, सुतार, आई यांचे जीवन दुय्यम प्रतीचे. 1520 च्या सुमारास लूथरने ही उतरंड मोडली आणि असे प्रतिपादन केले की, प्रत्येक बाप्तिस्माधारी व्यक्तीला ती जिथे आहे तिथेच ईश्वराचे बोलावणे आलेले असते. विवाहावरच्या 1522 च्या लेखनात तर बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाला लोक हसले तरी ईश्वर आणि देवदूत त्याच्यावर प्रसन्न असतात, इथपर्यंत तो जातो. यामागचा युक्तिवाद ध्यानात घेतला पाहिजे. तारण, म्हणजे पापातून सुटका, ही केवळ कृपेने आणि विश्वासाने मिळते, असे एकदा मानले की माणसाच्या सत्कृत्यांची ईश्वराला गरज उरत नाही. गरज असते ती शेजाऱ्याला. काम वर चढवायचे नसते, ते आडवे वाहायचे असते. स्वतःच्या कर्मालाच ईश्वराची पूजा मानणाऱ्या ज्ञानेश्वरीच्या वाचकाला ही भूमिका ओळखीची वाटेल, पण तिथे कर्म ईश्वराला वाहिले जाते आणि इथे शेजाऱ्याला, हा फरक लहान नाही.

स्वीडिश धर्मशास्त्रज्ञ गुस्ताफ विंग्रेन यांनी 1942 मध्ये लूथरच्या या शिकवणीवर ग्रंथ लिहिला, आणि त्यात असा आशय मांडला की ईश्वर गाईंची धारसुद्धा काढतो, मात्र ती त्या कामावर नेमलेल्या माणसांच्या हातून. लूथर अशा माणसांना ईश्वराचे मुखवटे म्हणत असे: देणारा आत असतो, दिसतो तो शेतकरी. विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्याने विंग्रेन वाचलेला असण्याचे कारण नव्हते, परंतु लूथरची 1529 ची ‘लघु प्रश्नोत्तरी’ त्याने दृढीकरणासाठी पाठ केलेली असे. तिच्यात प्रभूच्या प्रार्थनेतील रोजच्या भाकरीच्या मागणीचा अर्थ सांगताना अन्नवस्त्राबरोबर घर, शेत, गुरे, सुशील जोडीदार आणि मुले, चांगले हवामान, चांगले सरकार आणि भरवशाचे शेजारी हे सगळे ‘भाकरी’त मोजलेले आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या, सकाळी गोठा उरकून वर्गाला आलेल्या मुलाने ही यादी म्हणावी, यात फारसे अमूर्त काही नाही. गाय आणि बायको एकाच वाक्यात येतात, याचे आजच्या वाचकाला हसू येईल. लूथरच्या काळी मात्र घर ही राहण्याची आणि उत्पादनाची एकच संस्था होती. चर्च आणि राज्य यांच्या जोडीने तिला तो ईश्वराने स्थापलेली तिसरी व्यवस्था मानत असे. ‘कुटुंबाला वाहिलेला शेतकरी’ असे म्हणताना आपण कुटुंब आणि शेती वेगळी काढतो. त्या व्यवस्थेत ती वेगळी निघत नाहीत.

विस्कॉन्सिनमध्ये ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा एकदा घट्ट झाली, आणि त्याचे कारण धर्मात नव्हते, जमिनीत होते. सुरुवातीचे वसाहतकार गहू घेत. जमिनीचा कस उतरला, किडीने पिके खाल्ली, पश्चिमेकडचा गहू स्वस्त पडू लागला, तेव्हा विल्यम डेम्प्स्टर होर्ड यांच्यासारख्या प्रचारकांनी शेतकऱ्यांना गाईकडे वळवले. होर्ड यांनी 1885 मध्ये ‘होर्ड्स डेअरीमन’ हे नियतकालिक सुरू केले आणि पुढे ते राज्याचे गव्हर्नरही झाले. आपल्या गोठ्यात त्यांनी कामगारांसाठी सूचना लावली होती, तिचा आशय असा की हे आयांचे घर आहे, तेव्हा प्रत्येक गाईशी आईशी वागावे तसे वागा. गहू शेतकऱ्याला हिवाळाभर मोकळे सोडत असे. गाय एक दिवसही सोडत नाही. रोजच्या या कामाला मजूर परवडत नसल्यामुळे बायको आणि मुले हेच मनुष्यबळ ठरले, आणि घर व गोठा एकमेकांना बांधले गेले.

ते काम जवळून पाहिले तर त्याचे स्वरूप कळते. पहाटे पाचच्या सुमारास गाई गव्हाणीशी ओळीने अडकवलेल्या असतात. प्रत्येकीची सडे धुऊन पुसायची, पहिल्या चार धारा जाळीच्या भांड्यात काढून दुधात गुठळ्या नाहीत ना, म्हणजे कासेला दाह नाही ना, हे बघायचे, पान्हा सुटल्यावर यंत्राचे चार पेले चढवायचे, दूध आटताच ते उतरवायचे, सडांवर औषध लावायचे, आणि पुढच्या गाईकडे सरकायचे. संध्याकाळी तेच. वर्षातून सातशे तीस वेळा, साठ वर्षे गोठा चालवला तर त्रेचाळीस हजार आठशे वेळा. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या दहांपैकी सुमारे नऊ शेतांवर वीज नव्हती, तेव्हा हे सगळे कंदिलाच्या उजेडात आणि हाताने चाले. तत्त्वज्ञ हॅना आरेंट यांनी 1958 च्या ‘द ह्यूमन कंडिशन’ या ग्रंथात मानवी कृतींचे जे तीन प्रकार केले, त्यांत सर्वांत खालचा प्रकार हाच: श्रम, म्हणजे जगण्यासाठी पुन्हा पुन्हा करावे लागणारे आणि मागे काहीही न ठेवणारे काम. टिकाऊ वस्तू घडवणे आणि लोकांमध्ये येऊन स्वतंत्रपणे काही आरंभणे, हे दोन प्रकार त्याच्या वरचे. दूध दोन दिवसांत संपते. त्रेचाळीस हजार धारांचे स्मारक उभारता येत नाही. आरेंट यांचे वर्गीकरण चुकीचे नाही, पण ते कर्त्याकडून केलेले आहे. पाचारणाची शिकवण तेच काम घेणाऱ्याकडून पाहते, आणि ज्याला रोज भूक लागते त्याला रोजचेच काम हवे असते, टिकाऊ नव्हे.

शब्बाथाचा, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा, प्रश्नही गोठ्यात असाच सुटतो. निर्गमाच्या ग्रंथातील आज्ञा गुरांनाही विश्रांती द्या असे सांगते, पण रविवारी धार न काढणे ही गाईला विश्रांती नव्हे, यातना होय. लूकच्या शुभवर्तमानात येशू टीकाकारांना आठवण करून देतो की, तुमच्यातला प्रत्येक जण शब्बाथ दिवशी आपला बैल गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेतोच. मिडवेस्टच्या शेतकऱ्यांनी या उताऱ्यावर भाष्ये लिहिली नाहीत. गोठा उरकून आणि आंघोळ करून ते उपासनेला बसत, आणि उपासनेनंतरच्या गप्पा लांबल्या की घड्याळाकडे बघत.

दहा आज्ञांपैकी आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेला एक वचन जोडलेले आहे: असे केल्यास ईश्वराने दिलेल्या भूमीवर तुझे दिवस पुष्कळ होतील. दीर्घायुष्य आणि भूमी तिथे एकत्र येतात, आणि या शेतकऱ्यांच्या बाबतीत ती दोन्ही मुलांच्या वागण्यावर खरोखरच अवलंबून असत. जर्मनीतील आल्टेनटाइल आणि नॉर्वेतील कोर या प्रथा स्थलांतरितांनी बरोबर आणल्या होत्या: म्हातारी जोडी शेत मुलाच्या नावे करून देई आणि त्या बदल्यात तहहयात पोसले जाण्याचा लेखी करार करून घेई. घरातली कोणती खोली आपली, वर्षाला किती जळण, किती पीठ, किती डुकराचे मांस, रोज किती दूध, हे सारे त्यात लिहिलेले असे. पोटच्या पोराबरोबर दुधाच्या मापाचा करार करणारी माणसे कुटुंबवत्सल कशी, असे कोणी विचारील. उलट प्रेम कशाने टिकते आणि कशाने आटते, याची त्यांची समज आजच्या भावुक मृत्युलेखांपेक्षा पक्की होती, असे म्हणावे लागते. आज्ञा असल्यामुळे करार नको, असे त्यांना वाटले नाही. माणूस पापी आहे हेही त्यांनी त्याच प्रश्नोत्तरीत पाठ केले होते.

या शिकवणीच्या उणिवाही त्याच घरात दिसतात. गृहव्यवस्थेत बायको आणि मुलांचे श्रम पाचारणाच्या नावाखाली विनामोल जमा होत राहिले; वासरांना चीक पाजणारी, दुधाची भांडी धुणारी आणि हिशेब ठेवणारी स्त्री कागदोपत्री बहुधा ‘शेतकऱ्याची पत्नी’च राहिली. दुसरी उणीव अधिक खोल आहे. कुटुंब हाच जवळचा शेजारी असे मानले की खरा शेजारी नजरेआड होतो. दोन मुलांना शेती पुरावी म्हणून बाजूचे शेत विकत घेणारा बाप प्रेमापोटीच ते घेतो, पण त्या खरेदीने एक घर उठते, आणि घराला घर, शेताला शेत जोडत जाणाऱ्यांचा धिक्कार यशया संदेष्ट्याने करून ठेवला आहे. विस्कॉन्सिनमध्ये 2004 च्या सुमारास पंधरा हजारांच्या आसपास दुधाचे गोठे होते. 2019 या एका वर्षात आठशेहून अधिक बंद पडले. 2024 मध्ये सहा हजारांहून कमी उरले. गाई मात्र बारा-तेरा लाखांच्या घरातच राहिल्या. याचा दोष बापांच्या लोभाला देणे अन्यायाचे होईल, कारण दुधाचा भाव, कर्ज आणि सरकारी धोरण यांनी ती दिशा ठरवली. 1985 च्या कृषी कायद्यानुसार दुधाचा साठा कमी करण्यासाठी सरकारने सुमारे चौदा हजार शेतकऱ्यांना पैसे देऊन त्यांचे संपूर्ण कळप कत्तलीला किंवा निर्यातीला काढायला लावले, आणि पाच वर्षे दुधाच्या धंद्यात न परतण्याची अट घातली. अशा गाईंच्या जबड्यावर तापल्या लोखंडाने फुलीची खूण करण्याचा आदेश होता, तो न्यायालयाने क्रूरतेच्या कारणावरून थांबवला. कळप गेला, कारण त्या दुधाची शेजाऱ्याला असलेली गरज सरकारने शून्य ठरवली होती. मग पाचारणाचे काय झाले?

अनेक घरांत या प्रश्नाने माणसे खचली. काम हेच बोलावणे असे समजून जगलेल्या माणसाला काम सुटताच बोलावणारा गप्प झाल्यासारखे वाटते. परंतु ही समजूत लूथरच्या शिकवणीचा विपर्यास आहे, आणि तो विपर्यास प्रवचनपीठावरूनही पुष्कळदा झाला. पाचारण धंद्याला चिकटलेले नसते, ते ज्या माणसांना आपली गरज आहे त्यांच्याकडून येते. म्हणून गाई विकून गावात राहायला गेलेल्या, पुढे नातीच्या आधाराने खुर्चीत बसणाऱ्या म्हाताऱ्याचेही पाचारण संपत नाही. आता तो घेणारा असतो. साठ वर्षे देण्याची सवय झालेल्या हाताला दुसऱ्याने भरवलेला घास घेणे हे कदाचित साऱ्या आयुष्यातले सर्वांत कठीण कर्तव्य असावे, आणि ते पार पाडणाऱ्यांबद्दल मृत्युलेखांत एक ओळही नसते.

आज विस्कॉन्सिनच्या मोठ्या गोठ्यांवर दिवसातून तीनदा, पाळ्या लावून धार काढली जाते, आणि ती काढणारे हात मोठ्या प्रमाणात मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या कामगारांचे असतात. मेक्सिकोतील वेराक्रुझच्या डोंगरातून आलेला बाप मुलांच्या शिक्षणासाठी आणि घराच्या छपरासाठी रात्री गाईंच्या सडांना पेले चढवतो, म्हणजे कुटुंबाला वाहिलेल्या आयुष्याची व्याख्या तो त्या मृत्युलेखातल्या शेतकऱ्याइतकीच पूर्ण करतो. लूथरच्या प्रश्नोत्तरीला जोडलेल्या कर्तव्यांच्या तक्त्यात धनी आणि चाकर दोघांनाही उपदेश आहे, पण तिथला चाकर धन्याच्याच छपराखाली, त्याच्याच मेजावर जेवणारा आहे. या कामगाराचे मेज दूर आहे, आणि ते दूर राहण्याचे कारण त्याच्या कामाच्या स्वरूपातच आहे: अमेरिकेचा शेतमजुरांसाठीचा परवाना केवळ हंगामी किंवा तात्पुरत्या कामाला मिळतो, धार बारा महिने काढावी लागते, म्हणून गोठ्यातल्या मजुराला तो मिळत नाही; आणि परवान्याविना आलेला माणूस एकदा मुलांना भेटायला गेला तर परत येऊ शकेल याची खात्री नसल्यामुळे वर्षानुवर्षे जातच नाही.