काही खास सापडलं का?

मुंबई टाकसाळीच्या नाण्यावर सालाखाली एक छोटा हिरा असतो. तो रोज आपल्या हातातून जातो, पण आपण बघत नाही. नोकरीसाठी अमेरिकेत आल्यावर मला अशा खुणा बघायचं वेड लागलं. इथल्या एक सेंटच्या नाण्यावर सालाखाली ‘डी’ असेल तर ते डेन्व्हरचं, ‘एस’ असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचं.

1990च्या सुमारापर्यंत ही अक्षरं प्रत्येक डायवर हाताने ठोकली जायची. डाय फिलाडेल्फियात बनायच्या. तिथला कारागीर अक्षराचा पंच धरून घाव घालायचा आणि एका घावात भागलं नाही की पुन्हा घालायचा. दुसरा घाव केसभर सरकला, की त्या डायमधून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर अक्षर दुहेरी दिसायचं.

पण दुहेरी दिसणारं सगळंच तसं नसतं. छाप पडताना डाय सैल असेल तर उठलेलं अक्षर बाजूला दाबलं जातं. तिथे सपाट पायरी दिसते आणि मूळ अक्षर बारीक होतं. खरोखर दुबार ठोकलेल्या अक्षराची दुसरी कड मात्र गोलसर आणि उठावदार असते, टोकांशी खाच दिसते. पहिल्या प्रकाराला संग्राहक विचारत नाहीत, दुसऱ्याला जास्तीचे पैसे मोजतात. हा फरक डोळ्यांत बसायला मला वर्ष लागलं.

गेल्या हिवाळ्यात एका प्रदर्शनात एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टेबलावर जुन्या सेंटचा डबा होता. कुठलंही नाणं 25 सेंटला. त्यात मला 1944चं एक नाणं मिळालं. भिंगाखाली ‘डी’च्या डोक्यावर ‘एस’चा वळसा डोकावत होता. आधी ‘एस’ ठोकलेल्या डायवर नंतर ‘डी’ मारलेला. हा नमुना प्रसिद्ध आहे आणि साध्या 1944-डीच्या कितीतरी पट किमतीचा आहे. मी ते इतर दहा नाण्यांत मिसळून पुढे केलं.

आजोबांनी हसून विचारलं, “काही खास सापडलं का?”

मी म्हणालो, “नाही हो, अल्बममधल्या रिकाम्या जागा भरतोय.”

सिसेरोने इसवी सनपूर्व 44मध्ये लिहिलेल्या ‘कर्तव्यांविषयी’ या ग्रंथात असाच पेच आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलाय. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्य घेऊन पोहोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याला ठाऊक आहे. ते सांगून कमी भाव घ्यायचा की गप्प राहून चढा? डायोजेनीस म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं. सिसेरोचा कौल अँटिपेटरच्या बाजूने.

मी बरेच दिवस डायोजेनीसचा वकील होतो. जहाजं क्षितिजापलीकडे होती, ऱ्होड्सच्या लोकांना ती दिसणं शक्यच नव्हतं. माझं गुपित तर टेबलावर उघडं पडलेलं. भिंग त्यांच्याकडेही होतं, धंदा त्यांचा होता. मी वर्षभर डोळे शिणवले, त्याचं मोल मला मिळालं तर बिघडलं कुठे? नवऱ्यामागे राहिलेला डबा विकायला आलेल्या बाईशी मी असं वागलो नसतो. ती विश्वासाने येते. विक्रेता सौदा करायला बसलेला असतो.

हा युक्तिवाद मला अजूनही पटतो. फक्त तो माझ्या कामाचा नाही, कारण मी गप्प बसलो नव्हतो. त्यांनी विचारलं आणि मी ‘नाही’ म्हणालो. गप्प राहण्याचा हक्क मेहनतीने कमावता येत असेल, खोटं बोलण्याचा येत नाही. “दाखवतो, पण आधी पैसे घ्या” असं हसत म्हटलं असतं, तरी सौदा सौद्यासारखा झाला असता. कदाचित त्यांनीही हसून मान डोलावली असती.

ते नाणं मी विकलेलं नाही. पुढच्या महिन्यात तिथेच पुन्हा प्रदर्शन आहे. नाणं आणि भिंग त्यांच्यासमोर ठेवायचं ठरवलंय. अर्धे पैसे द्यायचे की नाणंच परत करायचं, हे अजून ठरत नाहीये. त्यांनी परत तोच प्रश्न विचारला तर उत्तर मात्र ठरलंय.