खातं एकच ठेव, सोनू

गंगापूर रोड, नाशिक

चि. सोनू,

तुझा फोटो मिळाला. बर्फातला नव्हे, तो दुसरा, फोनच्या पडद्याचा. "मावशी, बघ, माझ्याकडे चार-चार एअरलाइन्सचे माइल्स आहेत" असं तू कौतुकाने लिहिलंस. एअर इंडियाचा महाराजा क्लब, युनायटेड, लुफ्थान्सा, सिंगापूर. प्रत्येकात थोडेथोडे. तुला आनंद झाला म्हणून मलाही झाला. पण त्या रात्री झोप काही लागली नाही. इतकी वर्षं शरणपूर रोडच्या ऑफिसात तिकिटं कापली ना मी, त्यामुळे हे असं विखुरलेलं पाहिलं की जीव खालीवर होतो. म्हणून हे लांबलचक पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून पुढे गेली असतीस.

इकडे थंडी चांगलीच पडली आहे. निफाडचा पारा रोज पेपरात येतो आणि द्राक्षवाल्यांचा जीव टांगणीला लागतो. पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवतात. तुझ्या आईचे, म्हणजे आमच्या ताईचे, गुडघे थंडीने धरतात, पण सकाळचं फिरणं तिने सोडलेलं नाही. भाऊजी सिंहस्थाच्या कामांमुळे खणलेल्या रस्त्यांवर रोज एक भाषण करतात. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पर्वणी आहे आणि तू तेव्हा येणार म्हणालीस, हे ताई सगळ्या सोसायटीला सांगून बसली आहे. त्याकडे येतेच मी.

आधी मूळ मुद्दा. बाळा, तू बसतेस ते विमान आणि माइल्स जमा होतात ते खातं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. एअर इंडिया 2014 च्या जुलैत स्टार अलायन्समध्ये गेली. त्या गटात आज पंचवीसच्या आसपास कंपन्या आहेत: तुझी युनायटेड, लुफ्थान्सा, सिंगापूर, एअर कॅनडा, टर्किश, जपानची एएनए. यातल्या कुठल्याही विमानात बसलीस तरी तुझे माइल्स यातल्याच कुठल्याही एका खात्यात टाकता येतात. म्हणजे नेवार्कहून मुंबईला एअर इंडियाने ये आणि नंबर युनायटेडचा दे, चालतं. मात्र एक प्रवास एकाच खात्यात जातो, आणि एकदा गेला की तो सहसा हलवता येत नाही. चार विमानांची चार खाती उघडलीस तर चारही अर्धपोटी राहतात. एकातही फुकट तिकिटाएवढे माइल्स साठत नाहीत.

ऑफिसात असे लोक नेहमी यायचे. एक सातपूरचे कारखानदार होते, जर्मनीला जाऊनयेऊन असायचे. ज्या विमानात बसतील त्याचं कार्ड घ्यायचे. कार्डांनी पाकीट फुगलेलं, आणि मुलीच्या लग्नानंतर जावई-मुलीला फिरायला पाठवायचं म्हटलं तेव्हा निम्म्या माइल्सची मुदत उलटून गेलेली. त्यांचा चेहरा अजून आठवतो.

मग कुठलं खातं ठेवायचं? इथे लोक नाव बघतात, विमानाचा रंग बघतात. भाऊजी तर सरळ म्हणतील, महाराजा आपला, त्याचंच घे. मला विचारशील तर तीन प्रश्न विचार. माइल्स मरतात कधी? फुकट तिकिटावर वरून पैसे किती मागतात? आणि तुझी नेहमीची विमानं त्यात किती माइल्स देतात?

पहिलं बघ. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरमधले माइल्स तीन वर्षांनी संपतात, तू मधे कितीही फिरलीस तरी. लुफ्थान्साच्या माइल्स अँड मोअरमध्येही साधारण छत्तीस महिने. त्यांचं वरचं स्टेटस किंवा त्यांचं क्रेडिट कार्ड असलं तरच सूट. एअर कॅनडाच्या एरोप्लानला अठरा महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर सगळं जातं. एखादा व्यवहार झाला की मुदत पुढे सरकते. युनायटेडने 2019 मध्ये मुदतच काढून टाकली. वर्षाकाठी एकदा घरी येणाऱ्या मुलीला हा फरक फार मोठा आहे गं. कंपनीच्या खर्चाने दर आठवड्याला उडणाऱ्या माणसाला तीन वर्षं पुष्कळ होतात, तुला पुरत नाहीत. ताई-भाऊजींना तर मुळीच नाहीत. ते दोन-तीन वर्षांतून एकदा तुझ्याकडे येणार.

दुसरा प्रश्न लोक विसरतात आणि काउंटरवर येऊन भांडतात. फुकट तिकीट म्हणजे अगदी फुकट नसतं, विमानतळाचे कर भरावेच लागतात. पण काही कंपन्या त्यावर स्वतःचा सरचार्जही लावतात. लुफ्थान्साच्या विमानांवर माइल्स अँड मोअरमधून तिकीट काढलं की हा आकडा कधी कधी असा येतो की त्यात थोडे घातले तर विकतचं तिकीट आलं असतं. युनायटेड आणि एरोप्लान हा सरचार्ज घेत नाहीत. तेच आसन, तेच विमान, खातं दुसरं, आणि खिशातून जाणारे पैसे वेगळे. म्हणून म्हणते, अलायन्स एक असला तरी सगळी खाती सारखी नव्हेत.

तिसऱ्यासाठी तुझ्या ई-तिकिटाची पीडीएफ उघड. 'इकॉनॉमी' लिहिलंय त्याच्या शेजारी एकच इंग्रजी अक्षर दिसेल: वाय, एम, एल, टी, असं काहीतरी. तो बुकिंगचा वर्ग. दोन माणसं शेजारी बसलेली, तेच जेवण, तीच उशी, पण एकाला पूर्ण अंतराचे माइल्स आणि दुसऱ्याला चतुर्थांश. सर्वांत स्वस्त वर्गात कधी कधी शून्य. मुंबई-नेवार्क सुमारे 7,800 मैलांचं अंतर; त्यात एका अक्षराने किती जातं बघ. प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर भागीदार विमानांचा तक्ता असतो, तिकीट काढण्याआधी पाच मिनिटं तो बघ. आणि तिकिटाचा तेरा आकडी नंबर असतो ना, त्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे. 098 म्हणजे एअर इंडिया, 016 म्हणजे युनायटेड, 220 म्हणजे लुफ्थान्सा. तिकीट 016 चं असेल तर युनायटेड तुला पैशांच्या हिशेबाने माइल्स देते. दुसऱ्या कंपनीचं असेल तर अंतर आणि वर्गाच्या हिशेबाने. लहानपणी शाळा सुटली की माझ्या टेबलाखाली बसून तू लाल कार्बनच्या जुन्या तिकिटांचे कोरे कागद फाडायचीस. त्यावरही हेच आकडे असायचे. 2008 च्या जूनपासून कागदी तिकिटं बंद झाली, आकडे तेच राहिले.

तर माझा कौल युनायटेडच्या मायलेजप्लसला. तू नेवार्कच्या उंबऱ्यावर राहतेस, ऑफिसच्या कामाला त्यांच्याच विमानाने जातेस, माइल्स मरत नाहीत, सरचार्ज नाही, आणि त्यातून एअर इंडियाचं तिकीटही निघतं. तू उद्या टोरांटोला गेलीस तर मी एरोप्लान म्हणेन. तिथे कुटुंबातले आठ जण पॉइंट एकत्र करू शकतात. पुण्याला परत आलीस तर महाराजा क्लब बरा, कारण तिथले पॉइंट इथल्या विमानांवर खर्च करायला सोपे. म्हणजे खातं माणसाच्या राहणीवरून ठरतं. कुणा मित्राचं अमुक आहे म्हणून ते घेऊ नकोस. युनायटेडचीही एक बाजू सांगते: त्यांनी तिकिटाला किती माइल्स लागतील याचं ठरलेलं दरपत्रक ठेवलेलं नाही, भाव वरखाली होतात. म्हणून तारखा जरा मागेपुढे करून बघायच्या.

आता गोल्डबद्दल, म्हणजे भरपूर उडणाऱ्यांना मिळणाऱ्या वरच्या स्टेटसबद्दल. गोल्ड मिळालं की लाउंज मिळतं, एक बॅग जास्त मिळते, हे खरं आहे. ती बॅग म्हणजे आणखी तेवीस किलो, आणि ताईच्या डोळ्यांसमोर लगेच भाजणी, कुरडया आणि कोंडाजीचा चिवडा उभा राहिला. पण वर्षाला एका खेपेत आणि ऑफिसच्या चार फेऱ्यांत गोल्ड होत नाही, सोन्या. डिसेंबर आला की काही लोक नुसते माइल्स पुरे करायला कुठेतरी जाऊन येतात. तू तसं करू नकोस. आणि अमेरिकेतल्या अमेरिकेत फिरताना युनायटेड स्वतःच्या गोल्डवाल्यांना लाउंजमध्ये घेत नाही, दुसऱ्या कंपनीच्या स्टार गोल्डला मात्र घेते. हे ऐकून लोक दूरच्या एखाद्या कंपनीचं कार्ड शोधत बसतात. ते कामानिमित्त सतत फिरणाऱ्यांसाठी ठीक आहे. तू चार माइल्ससाठी रात्री-अपरात्री दोन ठिकाणी विमान बदलत एकटी येऊ नकोस एवढंच मला हवंय. सरळ येणारं विमान घे. मुंबईला उतरलीस की आता समृद्धी महामार्गावरून आमण्यापासून इगतपुरी झपकन येते, 2025 च्या जूनपासून तो टप्पा चालू झालाय. घाटात पूर्वीसारखं ताटकळावं लागत नाही. ओझरहून इंडिगोच्या विमानाने कुठे गेलीस तर त्यात हे माइल्स मिळणार नाहीत, इंडिगो या अलायन्समध्ये नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आणखी एक, हे जरा मनावर घे. माइल्स म्हणजे मुदत ठेव नव्हे. ठेवीवर व्याज चढतं, माइल्सची किंमत वर्षागणिक उतरते. कंपन्यांचंही काही खरं नसतं. किंगफिशर 2012 च्या फेब्रुवारीत वनवर्ल्ड या दुसऱ्या गटात जाणार म्हणून गाजावाजा होता. ते लांबलं आणि ऑक्टोबरपर्यंत विमानंच जमिनीवर आली. 2018 मध्ये ओझरहून दिल्लीला जेटचं विमान सुरू झालं तेव्हा आम्ही केवढे हरखलो होतो! पुढच्याच वर्षी 17 एप्रिलला जेट बंद. त्यांचे माइल्स वाचले, कारण तो कार्यक्रम वेगळ्या कंपनीत होता. पुढे त्याचं नाव इंटरमाइल्स झालं. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे सभासद महाराजा क्लबात आले. स्कँडिनेव्हियाची एसएएस तर स्टार अलायन्स सुरू करणाऱ्या पाच कंपन्यांतली. 2024 मध्ये तीच हा गट सोडून स्कायटीम या गटात गेली. म्हणून एका तिकिटाएवढे जमले की वापरायचे. पंचवीस वर्षांनी काढू म्हणून पुरून ठेवायचे नाहीत.

आता कामाचं. ताई-भाऊजी मेमध्ये तुझ्याकडे येणार, तिकिटाचे पैसे तू देणार. पण माइल्स पैसे देणाऱ्याला मिळत नाहीत, बसणाऱ्याला मिळतात. म्हणून त्या दोघांची खाती आधी उघड, निघायच्या आदल्या रात्री नव्हे. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाक. आपल्याकडे पासपोर्टवर नावाला जोडून नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव असतं, आणि बोर्डिंग पासवर ती दोन्ही एकमेकांना चिकटून एक लांबच लांब नाव होतं. खात्यात नुसतं 'सुलभा' आणि पासवर सबंध शेपूट, की माइल्स अडकले. तुझं लग्न झाल्यावर आडनाव बदललंस, तर खात्यातलंही बदललं आहेस का, ते आजच बघ. आणि माइल्स खात्यात दिसेपर्यंत तिघांचेही बोर्डिंग पास जपून ठेवा; राहून गेलेले माइल्स मागायला बहुतेक ठिकाणी सहा महिने ते वर्षाची मुदत असते.

तुझी बाकीची तीन खाती बंद करायची घाई नको. त्यांत जे आहे ते राहू दे, फक्त नवीन काही घालू नकोस. आणि सिंहस्थाला यायचं तर माइल्सची तिकिटं साधारण अकरा महिने आधी खुली होतात. म्हणजे 2026 च्या सप्टेंबरपासून बघायला लाग. पर्वणीच्या दिवसांत सगळं जग इकडे येणार आहे. तुझ्या खात्यातून तू आईबाबांचं तिकीटही काढू शकतेस, त्यासाठी खाती एकत्र करायची गरज नाही.

जावईबापूंना आशीर्वाद सांग. त्यांचंही खातं याच एका कंपनीत असू दे. बर्फात गाडी जपून चालवा, जेवणाच्या वेळा सांभाळा. पासपोर्टचं पान बघून ताई-भाऊजींची खाती या रविवारीच उघड आणि दोन्ही नंबर मला कळव. मी ते मोठ्या अक्षरात लिहून ताईच्या पासपोर्टच्या कव्हरात ठेवते.

तुझी,
मावशी